कूलरच्या टाकीतून शेततळ्यात

यंदा कूलर माळ्यावरून उतरवला, धुतला, नव्या ताट्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं आणि पंप सुरू करायच्या आधी मी त्या टाकीत माझ्या घरी बनवलेल्या मॉडेल पाणबुडीचं पारदर्शक नळकांडं दाबून धरून बसलो. बायको दारात उभी राहून दोन मिनिटं बघत होती. "कूलर लावायचा आहे का नाही आज? इकडे अंग भाजून राहिलं." म्हटलं, पाच मिनिटं थांब. नळकांड्यातून बुडबुडा निघतो का, एवढंच बघायचं होतं. एकही निघाला नाही. मी खूश झालो, कूलर सुरू झाला, आणि माझी चूक पुढचे पाच आठवडे त्या नळकांड्यात गुपचूप बसून राहिली.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. गिअरबॉक्स, पंप, कन्व्हेयर, जे बंद पडेल ते. निवृत्त झाल्यावर विशाखापट्टणमला गेलो, तिथे समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभी करून ठेवलेली आयएनएस कुरसुरा पाहिली आणि डोकं फिरलं. १९६९ साली नौदलात आलेली सोव्हिएत बनावटीची पाणबुडी, २००१ ला निवृत्त. आत वाकून चालावं लागतं. लोक टॉर्पेडोच्या नळ्यांपुढे फोटो काढत होते. मी मागे जाऊन तीन प्रोपेलरच्या शाफ्टपाशी थांबलो. तीनशे मीटर खोल पाण्यात हा शाफ्ट फिरतो आणि त्याच्या बाजूनं पाणी आत येत नाही, म्हणजे सीलिंग कसं केलं असेल? बायको म्हणाली, चला आता, मागे काय पाहून राहिले तुम्ही, लोक पुढे गेले.

नागपुरात पाणबुडी हे तसं विनोदीच आहे. कोणत्याही दिशेला गेलं तरी समुद्र शेकडो किलोमीटर. पण मॉडेलला समुद्र लागत नाही. उलट खारं पाणी नकोच, त्यात रेडिओ चालत नाही.

स्केल मी ठरवली नाही, पाईपने ठरवली. कुरसुराची लांबी ९१.३ मीटर, रुंदी साडेसात मीटर. बाजारात ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप मिळतो, तोच जो संडासाच्या लाईनला वापरतात. साडेसात मीटरचे ११० मिलिमीटर करायचे तर स्केल १:६८ आली आणि लांबी १३४ सेंटीमीटर. जगात १:६८ या मापाचं मॉडेल कोणी करत नसेल, पण इतवारीत लोहाओळीच्या आसपास तीन तास फिरल्यावर माणूस मिळेल त्या मापाला होकार देतो.

बाहेरचा पाईप म्हणजे नुसतं कवच. त्यात पाणी मोकळं शिरतं आणि मोकळं निघतं. खरी पाणबुडी आत असते: ९० मिलिमीटर व्यासाची, अर्धा मीटर लांब अ‍ॅक्रिलिकची नळी, दोन्ही तोंडांना नायलॉनच्या टोप्या, प्रत्येक टोपीला दोन ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी. मोटर, बॅटरी, रिसिव्हर, पंख वळवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, सगळं त्यात. कोरडं राहायला हवं ते फक्त एवढंच. टोप्या मी एका जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर स्वतः काढल्या. ओ-रिंगची खाच दशांश दोन मिलिमीटर जास्त खोल झाली तर रिंग सैल बसते, उथळ झाली तर टोपी हातोडीनंही जात नाही. पहिल्या दोन टोप्या भंगारात गेल्या. तिसरीला व्हर्नियर हातातून सोडला नाही.

बॅलास्ट टँक मी केला नाही. खरी पाणबुडी टाक्यांत पाणी घेऊन बुडते आणि त्यांत दाबाची हवा भरून, पाणी बाहेर ढकलून वर येते. माझी ‘चालेल तर बुडेल’ जातीची आहे. तिला किंचित हलकी ठेवायची, म्हणजे थांबली की आपोआप वर. पुढे जाताना मागचे आडवे पंख वळवले की नाक खाली जातं आणि ती पाण्यात शिरते, विमान उतरतं तशी. पहिलीच पाणबुडी असेल तर अशीच करावी, असं माझं मत आहे. बॅटरी मेली, रेडिओ गेला, काहीही झालं तरी ती वर येते. निदान यायला हवी. तिचा तोटाही आहे: डेक जेमतेम पाण्याबाहेर राहतो, त्यामुळे तरंगणाऱ्या कुरसुराचा रुबाब येत नाही.

रेडिओत पैसे वाया गेले, तेही सांगून टाकतो. आजकाल मिळणारा प्रत्येक रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा. मी तो आणला, रिसिव्हर आणि एक सर्व्हो प्लास्टिकच्या डब्यात बंद केला, डब्याला दगड बांधला आणि पाण्याच्या ड्रममध्ये सोडला. काडी हलवली की सर्व्होचा हात हलताना दिसत होता. डबा वीतभर खाली गेला आणि हात थांबला. वर काढला, पुन्हा हलला. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण याच फ्रिक्वेन्सीला चालतो आणि पाणी ती लहर पिऊनच तर अन्न गरम होतं, हे मला आधी आठवायला हवं होतं. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी लहर पाण्यात खोल जाते. नौदल तर बुडालेल्या पाणबुडीशी बोलायला किलोहर्ट्झमध्ये उतरतं, त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे आयएनएस कट्टबोम्मनचे उंच मनोरे उभे आहेत. मला दोन मीटरच जायचं होतं. एका जुन्या मॉडेल-विमानवाल्याकडे ७२ मेगाहर्ट्झचा सेट पडून होता, लांब ओढायच्या अँटेनाचा. त्यानं तो मला चहाच्या बदल्यात दिला. रिसिव्हरची मीटरभर वायर टोपीतून बाहेर काढून डेकखाली सरळ ताणली आणि तिचं टोक अ‍ॅराल्डाइटमध्ये बुडवून बंद केलं.

मे महिन्यात रेझिनचं काम करू नये. पुढचं नाक लाकडाचं कोरून त्यावर फायबर चढवायचं होतं. दुपारी रेझिनमध्ये नेहमीइतकं हार्डनर टाकलं, दोन ब्रश मारले आणि मग्ग्यातलं उरलेलं रेझिन खदखदायला लागलं, धूर निघाला, मग्गा वाकला. नंतर मी हार्डनर निम्मं केलं आणि पहाटे पाचला उठून काम करू लागलो. शेजारचे फिरायला निघायचे तेव्हा मी गच्चीवर नाकाला पट्टी बांधून बसलेलो असायचो.

डिटेलिंगला सर्वात जास्त वेळ गेला आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. या जातीच्या पाणबुडीच्या डेकखाली दोन्ही बाजूंना पाणी आत-बाहेर व्हायला आडव्या खाचांची रांग असते. माझ्या मॉडेलवर दोन्ही बाजू मिळून १३२ झाल्या. प्रत्येक खाच म्हणजे दोन शेजारी छिद्रं, मधला भाग कापायचा आणि घड्याळ्याच्या बारीक कानशीनं कडा सरळ करायच्या. दिवसाला बारा, त्यापेक्षा जास्त केल्या की रांग वाकडी होते. कारण हात थकत नाही, डोळा थकतो. वरचा बुरूज सनबोर्डचा, त्याची शिडी स्टेपलरच्या पिनांची, पेरिस्कोप बॉलपेनच्या रिफिलचे. खऱ्या कुरसुराला तीन प्रोपेलर, म्हणून मीही तीन केले, पितळी पत्र्याचे. फिरतो फक्त मधला, बाजूचे दोन पाण्याच्या ओढीनं गोल जातात आणि बघणाऱ्याला काही कळत नाही.

रंगाच्या बाबतीत घरात वाद झाला. संग्रहालयातली पाणबुडी रंगवून चकचकीत ठेवलेली असते. मला समुद्रावरून आलेली हवी होती. गाडीचा प्रायमर, त्यावर मॅट काळा, मग करड्या रंगात थिनर जास्त घालून खाचांच्या खालून ओघळ ओढले. प्रत्येक खाचेखाली एक फिका ओघळ, वर रुंद, खाली निमुळता. पाण्याच्या रेषेवर जरा तांबूस. बायकोनं पाहिलं आणि विचारलं, "इतकी मेहनत करून अशी मळकी काहून केली?" मला ती दाद वाटली.

वजनाचा तोल नातवाच्या फुगवायच्या टबात झाला. आधी पाणबुडी आडवी झाली, कारण बॅटरी वर आणि हवा खाली. शिसं शोधायला टायरवाल्याकडे गेलो, चाकं बॅलन्स करताना काढून टाकलेल्या शिशाच्या पट्ट्यांचा त्याच्याकडे ढीग असतो. नऊशे ग्रॅमच्या आसपास तळाशी लागलं. वर, डेकखाली, फोमचे तुकडे. शिसं खाली आणि फोम वर असला की ती बाहुलीसारखी उभी राहते, ढकलली तरी परत सरळ. मग एक नवीनच प्रकार. नाक वर येई, शिसं पुढे सरकवलं की खाली जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. दोन दिवसांनी कळलं, नाकाच्या आतल्या छताला हवेचा एक फुगा अडकत होता, कधी मोठा कधी लहान. दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं नाकावर दोन छिद्रं पाडली. फुस्स करून हवा गेली आणि शिसं जागेवर राहिलं. शेवटी साडेपाच किलोची पाणबुडी पंचवीस ग्रॅमनं हलकी, एवढ्यावर आणून सोडली. पाण्यावर फक्त बुरूज आणि डेकची एक ओळ दिसत होती.

पंचवीस ग्रॅम हा आकडा लक्षात ठेवा.

पाणी शोधायला अंबाझरीला जाऊन आलो. तिथे जलपर्णी, प्रोपेलरला गुंडाळली की संपलं. फुटाळ्याला संध्याकाळी इतकी गर्दी की पाणबुडी बघायला पोलीस आले असते. शेवटी काटोलकडे मेव्हण्याची संत्र्याची बाग आहे, तिथे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, ते ठरलं. कडेला हात-दीड हात पाणी, मध्ये तीन मीटर. तळ काळा, त्यामुळे काळी पाणबुडी खाली गेली की दिसणार नाही, म्हणून मागे मासे धरायची नायलॉन दोरी बांधली आणि तिच्या टोकाला लाल चेंडू.

मे महिन्याचा तिसरा रविवार. दुपारी एकला आम्ही शेतावर पोहोचलो. मी पत्र्याच्या शेडखाली बसून बॅटरी लावली, टोपी दाबून बसवली, स्क्रू आवळले. शेडमध्ये भिंतीला टांगलेला थर्मामीटर ४६ दाखवत होता. मेव्हण्याची दोन पोट्टी आणि शेजारच्या बागेतली चार काठावर बसली. पाणबुडी सोडली. ती सरळ गेली, वळली, परत आली. पोट्ट्यांनी ओरडून बाग डोक्यावर घेतली. मी पंख खाली केले. नाक शिरलं, डेक गेला, बुरूज गेला, पेरिस्कोपनं पाण्यावर एक बारीक रेघ काढली आणि तीही मिटली. वर घेतली. पुन्हा खाली. साधारण दहा मिनिटं मी जगातला सर्वात सुखी माणूस होतो. पंखांना जरा जास्त हालचाल दिली की ती डॉल्फिनसारखी वर-खाली व्हायची, पण हात बसत होता.

मग ती काठाकडे येताना मागून जरा खाली वाटली. मोटर बंद केली, वर यायला हवी होती. आली नाही. मागचं टोक खाली, नाक वर, अशी ती हळूहळू, अगदी सावकाश, सरळ उभी झाली आणि गेली. "मामाजी, थे पाहा, गेली खाली!" लाल चेंडू पाण्यावर नाचला आणि स्थिर झाला. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, पाणबुडीच होती ना जी? मग बरोबर करून राहिली ते."

दोरीनं ओढून काढली. मागच्या टोपीत अर्धा पेला पाणी होतं, साठ मिलिलिटर. पंचवीसची शिल्लक, साठचं पाणी. हिशेब सरळ होता. रिसिव्हर ओला झाला होता, तो उघडून उन्हात ठेवला तर वीस मिनिटांत ठणठणीत कोरडा. नागपूरच्या उन्हाचा त्या दिवशी एवढा एकच उपयोग झाला.

पण पाणी आलं कुठून? कूलरच्या टाकीत तपासलं होतं. टोपीला मी सायकलच्या ट्यूबचा वाल्व बसवलेला आहे, त्यातून पंपानं हवा भरायची आणि पाण्यात बुडबुडे शोधायचे, पंक्चरवाला घमेल्यात शोधतो तसे. तेव्हा बुडबुडा नव्हता. घरी टबात दोन दोन तास ठेवली होती, थेंब आला नव्हता. ओ-रिंग पाहिल्या, शाबूत. सर्व्होच्या सळ्यांवर सायकलच्या वाल्वची रबरी नळी ताणून बसवली होती, तीही शाबूत.

जेवताना वहिनींनी वरणाचा डबा उघडायला घेतला आणि झाकण निघेना. "गरम वरण घातलं आणि लगेच झाकण लावलं जी, आता हवेनं धरून बसलं," असं म्हणून त्यांनी चमच्याची दांडी झाकणाखाली घालून टक् केलं. झाकण फट् करून सुटलं. माझा घास हातातच राहिला.

मी पाणबुडीचं झाकण ४६ अंशाला लावलं होतं. आत ४६ अंशाची हवा. तळ्याचं पाणी साधारण २८. हवा थंड झाली की आकसते, बंद नळकांड्यात ती आकसू शकत नाही म्हणून आतला दाब कमी होतो. ४६ वरून २८ म्हणजे केल्व्हिनमध्ये ३१९ वरून ३०१, साडेपाच टक्क्यांच्या वर. हवेच्या दाबाचे साडेपाच टक्के म्हणजे पाण्याचा सुमारे ५५ सेंटीमीटरचा स्तंभ. थोडक्यात, माझी पाणबुडी काठावर तरंगत असतानाच आतून अर्ध्या मीटर खोलीवर होती, आणि अर्धा मीटर बुडाली की एक मीटरवर. नळकांडं पाणी शोषून घेत होतं. कूलरच्या टाकीत तर पाणीच वीतभर.

पण शोषलं तरी वाट हवी. मधल्या शाफ्टचं ऑईल सील काढलं आणि दिव्याखाली धरलं. सीलला आतल्या कडेला रबराचा एक पातळ ओठ असतो. ज्या बाजूला दाब असतो त्या बाजूला तो ओठ तोंड करून बसवायचा, म्हणजे दाब त्याला शाफ्टवर आणखी आवळतो. उलट्या बाजूनं दाब आला की ओठ उचलतो. एकतीस वर्षं मी गिअरबॉक्सला सील बसवली. गिअरबॉक्समध्ये तेल आत, म्हणून ओठ आत. इथेही ओठ आतच बसवला, हातानं बसवला, डोक्यानं नाही. पाणबुडीत जे अडवायचं ते बाहेर असतं. आणि पंक्चरची परीक्षा घेताना मी हवा आतून भरत होतो, म्हणजे चुकीच्या बसलेल्या सीलला नेमका सोयीचा दाब देत होतो. ते पास होणारच होतं. शाफ्ट फिरत नसताना उथळ टबात ग्रीसनं वेळ मारून नेली होती.

कोणत्याही पोराला ट्रेनिंगमध्ये मी हे पहिल्या आठवड्यात शिकवत असे. मेव्हण्याला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

रात्री शेतावरच मुक्काम केला. सील उलटं केलं, ग्रीस नवीन भरलं. तपासायला यावेळी हवा भरली नाही. वाल्वला तोंड लावून जेवढी ओढता येईल तेवढी ओढली, बोटानं बंद केलं आणि नळकांडं बादलीत धरलं. दहा मिनिटं. आत टिश्यू पेपरचा तुकडा टाकला होता, तो कोरडा राहिला. ही परीक्षा आधी घेतली असती तर वरणाच्या डब्याची वाट पाहावी लागली नसती.

सकाळी सहाला टोपी लावायच्या आधी नळकांडं उघड्या तोंडानं गळ्यापर्यंत तळ्याच्याच पाण्यात धरून ठेवलं, पंधरा मिनिटं, म्हणजे आतली हवाही त्याच तापमानाला आली. मग सावलीतच टोपी लावली. पोट्टी अजून झोपली होती. काठावर मी आणि एक खंड्या पक्षी. पाणी आरशासारखं. पहिली फेरी वरून, दुसरी पेरिस्कोपच्या खोलीवर. मागे पाण्यावर इंग्रजी व्ही सारखी रेघ उमटत गेली, खऱ्या पाणबुडीच्या फोटोत दिसते तशीच, फक्त माझ्या रेघेला समोर संत्र्याची झाडं. मोटर एका बाजूला फिरते म्हणून जोरात नेली की ती उलट्या बाजूला थोडी कलते. त्यावर डाव्या कडेला शिशाची आणखी एक पट्टी लावली. दर दहा मिनिटांनी बाहेर काढून नळीत डोकावत होतो. कोरडी. पाऊण तासानंतर डोकावणं सोडून दिलं.

सात वाजता पोट्टी आली, त्यांना एकेक फेरी दिली. धाकट्यानं विचारलं, टॉर्पेडो कुठून निघतो? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. त्यानं बुरुजावर लाल मुंगळा बसवला आणि त्याला कप्तान केलं. बुडवायच्या आधी उतरवूनही घेतला.

साडेसातला बांधावरून मेव्हण्याची हाक आली. "भाऊजी, लाईट आली, ठिबक सुरू करायचं आहे. काढा तुमची पाणबुडी, नाहीतर फुटवाल ओढून घेईल तिला."